कच्च्या कामाचा कैदी

आमचे बालपण बडोद्याच्या दांडिया बाजारात गेले. उंबऱ्याच्या आत मराठी आणि ओट्याखाली उतरले की गुजराती, असा आमचा रिवाज होता. बेळगाव, निपाणी, खानापूर, भालकी या भागांतल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. एक भाषा आईची आणि दुसरी बाजाराची, हे त्यांच्याही घरचेच आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एक खोड लागते. तो शब्द नुसता ऐकत नाही, उलटून पाहतो.

असा एक शब्द मी आठ-नऊ वर्षांचा असताना उलटून पाहिला. नाना, म्हणजे माझे वडील, एका वकिलांकडे कारकून होते. एकदा त्यांच्याबरोबर सयाजी रुग्णालयाकडे निघालो होतो. जेल रोडवर तुरुंगाची उंच भिंत लागली. शेजारून जाणारा कुणीतरी म्हणाला, "ए तो काचा कामनो केदी छे." मी नानांना विचारले, "कच्च्या कामाचा म्हणजे काय हो?"

नाना म्हणाले, "अरे, ज्याचा निकाल लागला तो पक्क्या कामाचा. ज्याचा लागायचा आहे तो कच्च्या कामाचा. कैरी आणि आंबा म्हण."

"मग कच्च्याला आत का ठेवतात?"

नाना काही बोलले नाहीत. पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, बडोद्याच्याच एका शाळेत तीस वर्षे शिकवले आणि निवृत्त झालो. त्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. आमच्या गावचा तुरुंगाचा इतिहास वाचत गेलो तसतसे ध्यानात आले की तो सगळा या एका प्रश्नाभोवतीच फिरतो.

मुळात 'तुरुंग' हा शब्दही आपला नव्हे. जाणकार तो पोर्तुगीज 'त्रोंको'पासून आला असे सांगतात. अपराध्याचे पाय अडकवायचा तो लाकडी खोडा. गुजरातीतही 'तुरंग' आहेच. त्यापूर्वी आपल्याकडे किल्ल्याची कोठडी होती, अदबखाना होता, बेड्या होत्या. पण किल्ल्यावरच्या कैद्याला मुदत नसे. धन्याची मर्जी फिरेपर्यंत तो आत राहायचा. मुदत हा तुरुंगाचा आत्मा आहे. ती नसेल तर उरते ती नुसती कोठडी.

याचे सर्वांत ठळक उदाहरण एखाद्या गरीब कुणब्याचे असेल असे वाटेल. ते आहे बडोद्याच्या एका महाराजांचे.

खंडेराव गायकवाड १८५६ साली गादीवर आले. त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव. आपल्याविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून खंडेरावांनी १८६३ साली मल्हाररावांना पादरा येथे बंदीत ठेवले. पादरा बडोद्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, आज तासाभराच्या आत जाऊन येता येते. मल्हाररावांना परत यायला सात वर्षे लागली. ना खटला, ना निवाडा, ना मुदत. २८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले आणि पादऱ्याचा बंदिवान थेट बडोद्याच्या गादीवर आला. त्यांच्या सुटकेला एका माणसाच्या मृत्यूखेरीज दुसरे कारण नव्हते. हा तर अगदी कच्च्या कामाचा कैदी.

ज्याने सात वर्षे विनाचौकशी काढली तो राजा झाल्यावर तरी कैद्यांचा कनवाळू होईल, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. झाले उलटेच. खंडेरावांच्या मर्जीतले कारभारी भाऊ शिंदे यांना मल्हाररावांनी तुरुंगात टाकले आणि १८७२ साली ते तुरुंगातच मरण पावले. विषप्रयोग झाल्याचा बोभाटा झाला. वर्गात हा भाग शिकवताना एका मुलीने मला विचारले होते, "सर, त्यांना आपले दिवस आठवले नसतील का?" आठवले असतील. पण दुःख सोसल्याने माणूस न्यायी होतोच असे नाही. त्याला आपल्याला कोंडणारी रीत तेवढी पाठ होते. मल्हाररावांना ठाऊक असलेला तुरुंग तोच होता. धनी म्हणेल तेव्हा आत, धनी मरेल तेव्हा बाहेर.

पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. राज्यकारभाराबद्दल तक्रारी वाढल्या, १८७३ साली चौकशी आयोग बसला. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले आणि कंटाळून गेले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा प्रकार उजेडात आला. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. चौकशीला सहा जणांचे मंडळ बसले. तीन इंग्रज आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील विलायतेहून आले. निकाल पडला तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, हिंदी सभासदांना वाटला नाही.

तेव्हा सरकारने काय केले? विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवला आणि बेबंद कारभाराचे कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. तिथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला. म्हणजे पाहा, भावाने कोंडले तेव्हा निकाल नव्हता आणि कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्यांनी हद्दपार केले तेव्हाही मूळ आरोपाचा निकाल नव्हता. मल्हारराव वाईट राजे असतील, मला त्यांची वकिली करायची नाही. पण दोन्ही वेळा ते कच्च्या कामाचेच कैदी राहिले.

त्यांच्यानंतर राज्याची घडी बसवायला सर टी. माधवराव आले. कुंभकोणमला जन्मलेला, तमिळ मुलुखात वाढलेला, घरी मराठी बोलणारा हा माणूस. द्विभाषिक घरांनी अभिमानाने नाव घ्यावे असा. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेल्या माधवरावांनी बडोद्यात न्यायकचेऱ्यांची उतरंड लावली आणि दरवर्षी राज्यकारभाराचा छापील अहवाल काढण्याची प्रथा पाडली. अहवाल ही रुक्ष वस्तू खरी. पण कैद्यांची संख्या एकदा अहवालात आली की ते मोजले जातात, आणि ज्याची मोजदाद होते त्याच्याविषयी कुणीतरी जाब विचारू शकतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि डिसेंबर १८८१ मध्ये त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. जेल रोडवरचा मध्यवर्ती तुरुंग त्याच सुमाराचा. सयाजीरावांनी न्याय आणि मुलकी कारभार एकमेकांपासून वेगळे केले. जो पकडतो त्यानेच निवाडा करू नये, हे तत्त्व ब्रिटिश मुलुखात अजून मागणीच्या अवस्थेत होते.

भिंत पादऱ्यालाही होती आणि जेल रोडवरही होती. फरक होता तो दारातल्या कागदाचा. तुरुंगाच्या दारात माणूस आणतात तेव्हा त्याच्याबरोबर वॉरंट असावे लागते. कुणाच्या हुकमाने, कोणत्या कलमाखाली आणि किती काळ, हे त्यावर लिहिलेले असते. शिक्षा झालेल्या कैद्याची सुटकेची तारीख पहिल्याच दिवशी काढून नोंदवहीत घालतात. चांगल्या वर्तणुकीची माफी मिळाली की ती तारीख अलीकडे येते. त्या दिवशी त्याला सोडावेच लागते, अधीक्षकाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. पक्क्या कैद्याचे हे मोठे सुख आहे. तो भिंतीवर रेघा ओढू शकतो.

कच्च्या कैद्याला रेघा ओढता येत नाहीत. अटकेपासून चोवीस तासांत त्याला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. मग कोठडीची मुदत एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत, आरोपपत्र आले नाही तर जामीन मागण्याचा त्याला हक्क मिळतो. पण आरोपपत्र वेळेत आले की पुढे खटला संपेपर्यंतची वाट. 'तारीख' हा शब्द त्याच्या तोंडी सतत असतो, पण ती सुटकेची नव्हे, पुढच्या पेशीची.

आणि कधी कधी तो कागदही सत्ताधाऱ्यांच्या हातात पादऱ्याच्या कोठडीसारखा होतो. आणीबाणीत बडोद्याने हे पाहिले. १९७६ साली गाजलेल्या 'बडोदा डायनामाइट' खटल्यात के. विक्रम राव आणि किरीट भट्ट हे बडोद्यातले पत्रकार पकडले गेले. त्याच वर्षी १० जूनला कोलकात्यात जॉर्ज फर्नांडिस सापडले. या खटल्याचा निकाल लागलाच नाही. मार्च १९७७ मध्ये सत्तांतर झाले, तुरुंगातूनच जॉर्ज मुझफ्फरपूरहून निवडून आले आणि खटला मागे घेण्यात आला. म्हणजे पुन्हा राज्यकर्ता बदलल्यामुळे सुटका! १८७० आणि १९७७ यांच्यात एवढेच अंतर होते काय, असा प्रश्न मला पडला होता.

त्याच काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्याला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत न्यायालयात येता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते. हा निर्णय चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ साली म्हटले, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. एका घरात चूक दुरुस्त व्हायला एकेचाळीस वर्षे लागली. पण ती लेखी दुरुस्त झाली, हे मोठेच.

हिंडलग्याचे नाव घेतले की सीमाभागातल्या माणसाला सत्याग्रही आठवतात. त्याच तुरुंगात १९५० साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना काही महिने स्थानबद्ध ठेवले होते, तेही स्वतंत्र भारतात आणि खटल्याशिवाय. कुणाला सावरकर पटतात, कुणाला जॉर्ज. कच्च्या कैदेचा प्रश्न दोघांना सारखाच लागू आहे. आपल्याला न आवडणारा माणूस आत असतो तेव्हाच आपली परीक्षा असते.

आता भिंतीबाहेरच्या देखरेखीकडे वळतो. अपराध्याला आत न घालता समाजातच ठेवून त्याच्यावर नजर ठेवावी ही कल्पना चांगली, पण तिची आपल्याकडची सुरुवात फार वाईट झाली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार, म्हणून त्याने ठाण्यावर हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली, अहमदाबादला छारा लोकांची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे लोक कायद्याने मुक्त झाले, पण लोकांच्या मनातली हजेरी संपली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. १९९८ साली गणेश देवी, महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी या जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. देवी मूळचे भोरचे, बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. या जमाती म्हणजे जन्मापासूनचे कच्चे कैदी. आरोप नाही, पुरावा नाही, मुदत तर नाहीच.

चांगली देखरेख कशी असते, याचा धडाही आपल्याच मुलुखात आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद, यांनी शिक्षा झालेल्या कैद्यांना उघड्या माळावर शेती करायला ठेवले. कुंपण नाही, बंदूक नाही. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला, आणि त्याची कथा त्या माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांची. आमच्या बडोद्यातही दंतेश्वरला खुला तुरुंग आहे. तिथले कैदी शेती करतात.

मुंबई राज्यात १९३८ साली परिविक्षेचा कायदा आला आणि १९५८ साली तो साऱ्या देशासाठी झाला. परिविक्षा म्हणजे प्रोबेशन. गुन्हा शाबीत झाला तरी न्यायाधीश आरोपीला चांगल्या वर्तणुकीचा बंध लिहून घेऊन सोडू शकतो, तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा. परिविक्षा अधिकारी त्याच्या घरी जातो, काम पाहतो, अहवाल देतो. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात त्याला तुरुंगात का पाठवायचे याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागतात. पक्क्या कैद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. त्याच फर्लो आणि परोल. पहिलीचे दिवस शिक्षेत धरतात, दुसरीचे धरत नाहीत. १९५९ सालचे हे नियम मुंबई राज्याचे, म्हणून गुजरात आणि महाराष्ट्र दोघांनाही वारशाने मिळाले. या साऱ्यात हजेरी आहे, पण तिला कारण आहे आणि शेवटची तारीखही आहे.

गंमत अशी की या बहुतेक सवलती पक्क्यांसाठी आहेत. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे दर चारांत तीन. ही कोंडी जुनीच. मूळचे कामठीचे पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील अशा कैद्यांविषयी लिहिले, त्यावरून १९७९ साली हुसैनआरा खातून खटला उभा राहिला आणि हजारो लोक सुटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत असे आहे की पूर्वी कधीही गुन्हा शाबीत न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. आणि तसा अर्ज तुरुंगाधिकाऱ्यानेच करायचा. गरीब कैद्याच्या जामिनाची रक्कम सरकारने भरण्याची योजनाही २०२३ साली आली.

हे सारे मी आज शहाणपणाने सांगतो आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला शोभणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी चोरीच्या आरोपात अडकला. शेतातली पाण्याची मोटर गेली होती. गाव कोणते, तुरुंग कोणता, ते सांगत नाही. बडोद्याबाहेरचा होता एवढेच. न्यायाधीशांनी जामीन दिला होता. अडले होते ते जामीनदारावाचून. त्याची आई माझ्याकडे आली. धुणीभांडी करणारी बाई, भाड्याच्या खोलीत राहणारी. ओट्यावरच उभी राहिली.

"सर, घराचा कागद असलेला माणूस लागतो म्हणतात. आमच्या ओळखीत तुम्हीच."

मी म्हणालो, "बघतो."

घरात बोललो. कुणी म्हणाले, पोरगा पळाला तर? कुणी म्हणाले, कोर्टाची पायरी कशाला? घरवेऱ्याची पावती आणि घराचा दस्त माझ्या कपाटात होता. ती बाई आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा मी "बघतो" म्हटले. पाच महिन्यांनी मी गेलो. सही करायला पाऊण तास लागला.

दोन वर्षांनी तो निर्दोष सुटला. मधल्या काळात एकही तारीख त्याने चुकवली नाही. आता रिक्षा चालवतो. दिवाळीला पेढे घेऊन येतो, वाकून नमस्कार करतो आणि त्या पाच महिन्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. एकदा मीच विषय काढला. तो म्हणाला, "सर, तुम्ही आलात ना." त्याच्या आईने मात्र कधी तसे म्हटले नाही, आणि त्याबद्दल मला तिचा आदरच वाटतो.

मल्हाररावांना कोंडणारा खंडेराव होता, आणीबाणीत कोंडणारे सरकार होते. या पोराच्या पाच महिन्यांचा धनी कोण? न्यायाधीशाने तर दार उघडले होते. त्या दारासमोर मी "बघतो" म्हणत बसलो होतो.

नानांना विचारलेला प्रश्न आता माझा नातू मला विचारतो. आम्ही जेल रोडने जातो, भिंत अजून तीच आहे. कच्च्याला आत का ठेवतात, आजोबा? मी त्याला कायदा सांगतो, पळून जाऊ नये म्हणून, साक्षीदारांना दटावू नये म्हणून. ते खरेही आहे. मग त्याला हेही सांगतो की पुष्कळदा बाहेरचा कुणीतरी कपाट उघडायला उशीर करतो म्हणून. हे त्याला अजून कळत नाही. पण मुलगा दोन भाषांत वाढतो आहे. शब्द उलटून पाहील.